आरोग्यदायी कामाच्या जागेचा फायदा कंपनीच्या हिशेबात कसा दाखवायचा?

कार्यप्रवण

नमस्कार. प्रश्न १४० जणांच्या एका युनिटबद्दल आहे. ९० जण मशीन आणि पॅकिंगवर, तीन पाळ्यांत. उरलेले ५० कार्यालयात, दिवसभर संगणकासमोर. वर्षभरात ३० जण नोकरी सोडून गेले. पॅकिंगमध्ये पाठदुखी, कार्यालयात दुपारनंतर डोकेदुखी आणि पेंग, आणि रात्रपाळीत माल बाद होण्याचे प्रमाण दिवसपाळीपेक्षा ठळकपणे जास्त.

आरोग्य तपासणी शिबिर, पावले मोजण्याची स्पर्धा आणि आहारावर दोन व्याख्याने एवढे करून झाले. लोक आले, चांगले बोलले, पण वर लिहिलेल्यातले काहीच बदलले नाही. आता व्यवस्थापन विचारते आहे की पुढे खर्च करायचा तर तो भरून कसा निघणार.

सुरुवात कुठून करावी, आधी काय मोजून ठेवावे आणि कोणत्या गोष्टींत पैसे वाया जातात, हे या कामातल्या लोकांनी सांगावे. ‘कर्मचारी आनंदी तर कंपनी आनंदी’ या धर्तीची उत्तरे नकोत, ती व्यवस्थापनासमोर टिकत नाहीत.

ताळेबंद

शिबिरे आणि स्पर्धांनी काही बदलले नाही, यात तुमची अंमलबजावणी चुकली असे समजू नका. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची लॉटरी पद्धतीने विभागणी केली. एका भागाला तपासणी, सल्ला, बक्षिसे असा पूर्ण वेलनेस कार्यक्रम दिला, दुसऱ्याला दिला नाही. वैद्यकीय खर्चात किंवा गैरहजेरीत फरक पडल्याचे दिसले नाही. एका मोठ्या घाऊक विक्री साखळीत सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. दीड वर्षानंतर ‘आम्ही व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो’ असे सांगणारे वाढले, पण रक्तदाब, साखर, खर्च, गैरहजेरी होती तिथेच राहिली. दोन्हींचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले.

त्याआधीच्या पुष्कळ पाहण्यांत मात्र मोठा फायदा दिसत असे. कारण असे की अशा कार्यक्रमात मुळात ज्यांची तब्येत बरी असते तेच आपणहून नाव नोंदवतात. मग भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली की कार्यक्रमाने किमया केल्यासारखी वाटते. कुणी विक्रेता असा तक्ता घेऊन आला तर पहिला प्रश्न हाच विचारा: गट कसे पाडले होते?

आता फायदा खरोखर कुठे दिसतो ते. काम ज्या पद्धतीने आखलेले आहे ती पद्धत बदलली की. कॅलिफोर्नियात सरकारी सुरक्षा तपासणीसाठी कारखाने यादृच्छिक पद्धतीने निवडले जात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासणी झालेल्या ४०९ ठिकाणांची तशाच ४०९ न तपासलेल्या ठिकाणांशी तुलना केली होती. तपासलेल्या ठिकाणी इजा ९.४ टक्के कमी, इजांपोटी होणारा खर्च २६ टक्के कमी, आणि विक्रीवर किंवा नोकऱ्यांवर वाईट परिणाम आढळला नाही. व्यवस्थापनापुढे न्यायला हा आकडा भक्कम आहे, कारण निवड कंपनीच्या हातात नव्हती.

तुमच्या हिशेबात सगळ्यात मोठी रक्कम मला नोकरी सोडून जाण्याची दिसते, वैद्यकीय खर्चाची नव्हे. ती अशी काढा. नवा माणूस पूर्ण वेगाला यायला १२ आठवडे लागतात आणि त्या काळात सरासरी निम्मे काम होते असे धरले, तर ६ आठवड्यांचा पगार गेला. शिकवणाऱ्याचा रोज १ तास धरला तर ६० कामाच्या दिवसांत ६० तास, म्हणजे ४० तासांच्या आठवड्याने आणखी दीड आठवडा. झाले साडेसात. ३० जणांचे २२५ आठवडे, म्हणजे चारपेक्षा जास्त माणसांचा वर्षभराचा पगार. यात जागा रिकामी असताना दिलेला ओव्हरटाइम आणि नवख्याच्या हातून बाद झालेला माल धरलेलाच नाही. १२ आठवडे हा माझा अंदाज आहे, तुमच्या सुपरवायझरांना विचारून तो बदला. ३० चे २४ झाले तरी ४५ आठवड्यांचा पगार वाचतो. खर्चाची मर्यादा या आकड्यावरून ठरवा.

सुरुवातीची नोंद किमान ६ महिन्यांची हवी, शक्य तर १२. महिनावार आणि पाळीवार: सोडून गेलेले (पहिल्या ९० दिवसांतले वेगळे), रजेचे दिवस आणि रजेच्या वेळा, ओव्हरटाइमचे तास, बाद नग आणि रीवर्क, प्रथमोपचाराच्या नोंदी, आणि थोडक्यात टळलेले अपघात.

गैरहजेरीबाबत एक सावधगिरी. बऱ्याच एचआर सॉफ्टवेअरमध्ये ब्रॅडफर्ड गुणांक असतो: रजेच्या वेळांचा वर्ग गुणिले एकूण दिवस. एकाच आजारात सलग १० दिवस घेतले तर गुण १०. एकेक दिवस करून १० वेळा घेतले तर १,०००. शिस्तीसाठी याचा वापर सुरू झाला की लोक ताप अंगावर काढून येतात. अर्धशिशी, दमा असे अधूनमधून उफाळणारे आजार असलेले त्यात नाहक अडकतात. कागदावर गैरहजेरी उतरते. प्रत्यक्षात आजारी माणूस शेजारच्या चौघांना आजारी करतो आणि चुका वाढतात. हा गुणांक चौकशीला निमित्त म्हणून ठेवा, शिक्षेला नको.

मोजमाप

पाठदुखीपासून सुरुवात करा, कारण तिथे गणित मांडता येते आणि उपाय डोळ्यांना दिसतो.

उचलण्याच्या कामासाठी नायोश या अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेचे सूत्र वापरतात. आदर्श स्थितीत २३ किलो धरायचे आणि स्थिती जितकी वाईट तितके ते गुणकांनी कमी करायचे. समजा खोका १५ किलोचा आहे. शरीरापासून हाताचे अंतर ५० सेंमी, कारण मध्ये पॅलेटची (खोके रचायच्या चौकटीची) कड येते. उचलताना हात जमिनीपासून १५ सेंमीवर, ठेवायचा तिथून १ मीटर वर, मिनिटाला ४ वेळा, जवळपास पूर्ण पाळीभर, पकड चांगली, कमरेत पीळ नाही. गुणक असे येतात: अंतराचा ०.५, उंचीचा ०.८२, उचल किती वर त्याचा ०.८६५, वारंवारतेचा ०.४५. गुणाकार केला की सुमारे ३.७ किलो. म्हणजे माणूस शिफारशीच्या चौपट वजन उचलतो आहे. त्याला ‘गुडघ्यात वाकून उचल’ असे शिकवून हे अंतर भरून निघत नाही. उचलण्याच्या तंत्राच्या प्रशिक्षणावर पैसा खर्च होतो आणि पाठ तशीच राहते, ती इथे.

आता पॅलेटखाली स्प्रिंगचे किंवा हायड्रॉलिक लिफ्ट टेबल द्या, म्हणजे खोका कायम ७५ सेंमीच्या आसपास राहील. टेबल फिरते असेल तर पलीकडच्या खोक्यासाठी ओणवे व्हावे लागत नाही आणि अंतर ३० सेंमीवर येते. ठेवण्याची जागा ४० सेंमीच वर राहिली. तीच वारंवारता धरून शिफारस ८ किलो होते, दुपटीहून जास्त. तरीही १५ किलो जास्तच आहे. मग दोन कामांची अदलाबदल करून किंवा घसरपट्टी लावून वारंवारता मिनिटाला १ वर आणली की शिफारस १३.४ किलो. आता खोका १२ किलोचा करून घ्या, काम मर्यादेत आले. खोक्याचे वजन कुणी ठरवले ते शोधून काढा. बहुतेक वेळा विक्री किंवा खरेदी विभागाने कधीतरी ठरवलेला आकडा असतो आणि तो बदलण्याबद्दल कुणी विचारलेलेच नसते.

टेबल आणून ते बाजूला पडून राहण्याचे ठरलेले कारण म्हणजे ते वापरल्याने प्रत्येक फेरीत काही सेकंद जास्त जातात आणि नगांचे लक्ष्य मात्र जुनेच असते. खरेदीआधी पॅकिंगवरच्या दोघांना आठवडाभर ते वापरू द्या आणि लक्ष्य नव्या फेरीच्या वेळेवर बसवा.

मशीनवर आवाज मोजा. मर्यादा ८ तासांना ८५ डेसिबल, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. इअरप्लगवर फार विसंबू नका. पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेला प्लग अर्धाच वेळ घातला तर सरासरी संरक्षण जेमतेम ३ डेसिबल पडते, कारण जो वेळ कान उघडे असतात त्याच वेळात बहुतेक मारा होऊन जातो. मशीनचे सैल झालेले गार्ड (संरक्षक झाकणे) घट्ट करणे, कॉम्प्रेस्ड हवेच्या नोझलला सायलेन्सर, पत्र्याच्या घसरपट्टीला आतून रबर ही स्वस्त कामे आधी. क्रम नेहमी हाच: धोका काढून टाका, जमत नसेल तर बदला, मग यांत्रिक उपाय, मग नियम आणि पाळी, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधने. बहुतेक ठिकाणी सुरुवात उलट्या टोकाकडून होते, कारण साधने एका खरेदीपत्रात येतात.

कार्यालयातली दुपारची पेंग जेवणाची असते हे अर्धेच खरे. कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणा. बाहेरच्या हवेत सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. बसून काम करणाऱ्या माणसाला सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळत असेल तर खोलीत ९०० ते ९५० च्या आसपास स्थिर होतो. १,४०० दिसला तर ताजी हवा त्याच्या निम्मीच येते आहे. खोली भरल्यावर ३ तासांनी मोजा, कुणाच्याही तोंडापासून मीटरभर लांब आणि खिडकीजवळ नाही. मीटर हवाबदल किती हे सांगतो, धूळ किंवा सॉल्व्हंटची वाफ त्याला कळत नाही. आणि भिंतीवरचा साधा एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही. एसी लावल्यावर खिडक्या बंद होतात आणि तेव्हापासून तक्रारी सुरू होतात, हा क्रम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

याचा पैशाशी संबंध आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या ४० इमारती आणि ३,७२० कामगारांच्या १९९४ च्या आजारपणाच्या रजा तपासल्या होत्या. माणशी सेकंदाला १२ लिटर हवा मिळणाऱ्यांच्या अल्प मुदतीच्या रजांचा धोका २४ लिटर मिळणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला.

खुर्च्या-टेबले थोडक्यात: कोपर टेबलाच्या उंचीला, पाय टेकलेले, पडदा ५० ते ७५ सेंमीवर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, टेबलावर ५०० लक्स उजेड, पडद्यात खिडकीचे प्रतिबिंब नको. लॅपटॉप असेल तर वेगळा कीबोर्ड दिल्याशिवाय हे जमतच नाही. महागड्या खुर्चीआधी कीबोर्ड आणि स्टँड घ्या.

कार्यप्रवण

दोघांचेही मनापासून आभार. खोक्याचे गणित उद्याच मांडून बघतो. रात्रपाळीचे काय करावे? सध्या आठवड्याने पाळी बदलते, सलग ६ रात्री, आणि क्रम रात्र, दुपार, सकाळ असा आहे. वेळापत्रक दर शनिवारी लागते आणि त्यातही फोन करून बदल होतात.

तिसरी_पाळी

तुमचा क्रम उलटा आहे, पहिले ते बदला. शरीराला झोप पुढे ढकलणे सोपे जाते, अलीकडे ओढणे अवघड. म्हणून सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम ठेवा. उलट्या क्रमात दुपारची पाळी रात्री संपते आणि पुढची सकाळची काही तासांत सुरू होते, मध्ये जेमतेम ८ तास उरतात. त्यात जाणे-येणे आणि जेवण गेले की झोप ५ तासांची. दोन पाळ्यांत किमान ११ तास हवेत. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या निर्देशातही दररोजची सलग विश्रांती एवढीच धरली आहे.

सलग ६ रात्री म्हणजे बाद मालाचे कारण तुमच्या वेळापत्रकातच आहे. पाळी आणि अपघात यांच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २००३ मध्ये झाला, त्यात सकाळच्या तुलनेत दुपारच्या पाळीत इजांचा धोका १८ टक्के आणि रात्रीच्या पाळीत ३० टक्के जास्त निघाला. पहिल्या रात्रीच्या तुलनेत दुसऱ्या रात्री ६, तिसऱ्या रात्री १७ आणि चौथ्या रात्री ३६ टक्के जास्त. ‘एकदा सवय झाली की काही वाटत नाही’ हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. बाद नगांची नोंद पाळीवार आहेच, ती रात्रीच्या क्रमांकानुसारही मांडा. चढ दिसला तर व्यवस्थापनाला वेगळे समजावावे लागणार नाही.

बसवायला सोपी रचना: २ सकाळ, २ दुपार, २ रात्र, मग सुट्ट्या. सुरुवातीला लोक विरोध करतात, कारण दर दोन दिवसांनी बदल म्हणजे धावपळ वाटते. ३ महिन्यांची चाचणी ठेवा, शेवटी गुप्त मतदान घ्या आणि निकाल पाळायचाच असे आधी जाहीर करा. चार गट करावे लागतात, तीन गटांत ही रचना बसत नाही. माणसे कमी असताना ती रेटली तर सुट्टीच्या दिवशी बोलावणे सुरू होते आणि सगळा फायदा जातो.

बारा तासांच्या दोन पाळ्या करून सुट्ट्या वाढवण्याचा पर्याय कुणी सुचवेल. लोकांना तो आवडतोही. पण त्याच आढाव्यात ८ तासांपेक्षा १२ तासांच्या पाळीत धोका २७ टक्के जास्त आला आहे. जड मशीनवर तो नको.

ओव्हरटाइमवर आठवड्याची माणशी मर्यादा घाला आणि ती पगारपत्रकातून तपासा, सुपरवायझरच्या वहीतून नव्हे. आरोग्य आणि श्रम या दोन्ही जागतिक संघटनांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त असतो. तास वाढवून उत्पादन तेवढे वाढतही नाही. जर्मनीत येना इथल्या झाइस कारखान्यात अर्न्स्ट आबे यांनी १९०० मध्ये दिवस ९ तासांवरून ८ वर आणला आणि कामगारवार नोंदी ठेवल्या. दिवसाचे एकूण उत्पादन घटले नाही, थोडे वाढलेच. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट अजून प्रत्येक व्यवस्थापनाला नव्याने पटवावी लागते, याचे वाईट वाटते.

फोनवरून होणारे बदल हा वेगळा आजार आहे आणि माझ्या मते तुमच्या ३० पैकी बरेच जण त्यामुळे गेले असावेत. गॅप या कपड्यांच्या साखळीच्या २८ दुकानांत वेळापत्रक स्थिर करण्याचा प्रयोग झाला: सुरुवात आणि शेवटाच्या वेळा ठरलेल्या, ऐनवेळच्या ‘बोलावले तर या’ पाळ्या बंद, आपापसांत पाळी बदलण्याची सोय. विक्री ७ टक्के वाढली. तुमच्याकडे दोन आठवडे आधी वेळापत्रक लावा. नंतर बदल करायचा तर कारण लेखी आणि मंजुरी एक पातळी वरची. मंजुरी घ्यावी लागते म्हटल्यावर निम्मे बदल टाळता येण्यासारखे होते हे सुपरवायझरांनाच दिसते.

मनमोकळे

कार्यालयाच्या ५० जणांबद्दल थोडे. हवा आणि खुर्ची सुधारल्यावरही थकवा उरला तर कामाच्या मागणीकडे आणि अधिकाराकडे पाहा. काम खूप आणि ते कसे करायचे यावर ताबा शून्य, ही जोडी सगळ्यात वाईट. अमेरिकी संशोधक कारासेक यांनी १९७९ मध्ये हे मांडले आणि ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात कामावर कमी ताबा असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला.

पाहणी करायची तर ब्रिटनच्या सुरक्षा खात्याची ३५ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे. ती सहा अंगे पाहते: मागणी, ताबा, पाठबळ, संबंध, भूमिकेची स्पष्टता, बदल कसा केला जातो. तीन गोष्टी बिघडतात. दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे दाखवले की कोण काय बोलले ते ओळखू येते आणि पुढच्या वेळी सगळे ‘उत्तम’ लिहितात. निकाल चार आठवड्यांत लोकांसमोर ठेवला नाही की विश्वास जातो. आणि निकालाला उत्तर म्हणून ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा ठेवली, की लोकांना ‘दोष तुमच्यात आहे’ असा निरोप पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची (कामाने पार थकून जाण्याची) व्याख्या करताना तो आटोक्यात न आणलेल्या, कामाच्या जागेवरच्या दीर्घ ताणातून होतो असेच म्हटले आहे.

करण्यासारखे साधे उपाय: दोन वरिष्ठांकडून काम येणाऱ्या प्रत्येकासाठी अग्रक्रम ठरवणारी एकच व्यक्ती नेमा. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामे एका वेळी उघडी ठेवू नका. कामाच्या वेळेनंतरचा निरोप दुसऱ्या दिवशीच पाहायचा, तातडीचे असेल तर फोन, आणि तातडीचे म्हणजे काय ते लिहून ठेवा. हा नियम वरिष्ठ स्वतः मोडतात तेव्हा तो संपतो, म्हणून पहिला महिना त्यांच्याच निरोपांच्या वेळा तपासा.

ताळेबंद

अंमलबजावणीच्या क्रमाबद्दल एक भर. सगळे बदल एकदम करू नका, नाहीतर कशामुळे काय झाले ते सांगता येणार नाही. लिफ्ट टेबल आधी एका पॅकिंग लाइनवर, दुसरीवर ३ महिन्यांनी. तेवढे ३ महिने दुसरी लाइन तुलनेला मिळते. कोणती लाइन आधी हे चिठ्ठी टाकून ठरवा, चांगला सुपरवायझर असलेली आधी निवडली तर तुलना बिघडते.

व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवा की पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रथमोपचाराच्या आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढतील. लोक आधी सांगत नव्हते ते आता सांगतात, म्हणून. नेमक्या याच टप्प्यावर ‘शून्य अपघात’ बक्षीस जाहीर झाले की नोंदी पुन्हा लपतात.

१४० माणसांत मोठ्या इजा वर्षाला चारच्या दोन झाल्या तरी तो योगायोग असू शकतो, त्यावर दावा करू नका. दर महिन्याला बदलणारे आणि संख्येने मोठे आकडे दाखवा: बाद नग, ओव्हरटाइमचे तास, पहिल्या ९० दिवसांत सोडून जाणारे, आणि नोंदवलेला धोका दूर व्हायला लागलेले दिवस. हा शेवटचा आकडा पहिल्याच महिन्यात खाली आणता येतो, तो फलकावर लावा.

कार्यप्रवण

ठरले ते असे: या आठवड्यात सुरुवातीची नोंद जमवणे आणि कार्यालयात पीपीएम मोजणे, पुढच्या महिन्यापासून पुढे सरकणारा पाळीक्रम. चौथ्या गटासाठी सध्या ७ माणसे कमी पडतात. तोवर तीन गटांतच सलग रात्री ३ वर आणता येतील का?

तिसरी_पाळी

येतील, आठवडा मध्ये तोडून. प्रत्येक गटाला ३ सकाळ, ३ दुपार, १ सुट्टी, मग ३ रात्री आणि २ सुट्ट्या असा १२ दिवसांचा फेरा. तीन गटांत १२ दिवसांतल्या ३६ पाळ्यांपैकी २७ च यात भरतात, म्हणून प्रत्येक फेऱ्यात सकाळ, दुपार आणि रात्र प्रत्येकी तीन वेळा बंद ठेवावी लागेल. शेवटच्या रात्रीनंतर त्या सकाळची झोप सुट्टी म्हणून मोजू नका, सुट्टी दुसऱ्या दिवसापासून. ऑर्डरचा ताण पाहा आणि बंद पाळ्यांचे नग उरलेल्या पाळ्यांत ओव्हरटाइमशिवाय बसतात का ते आधी कागदावर काढा. बसत नसतील तर ७ माणसांची भरती आधी, पाळीक्रम नंतर.